सगळ्यात हळू माणूस पुढे

बाबा गेल्यावर सात महिन्यांनी त्यांच्या नंबरवरून आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज गेला.

"नमस्कार. वार्षिक पदभ्रमण: त्रिउंड, ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. नवख्यांसाठी योग्य. चढ सहा किलोमीटरच्या आसपास, वाट मळलेली, मध्ये चहाच्या टपऱ्या आहेत. बूट पायाला सरावलेले असावेत, नवे कोरे चालणार नाहीत. पाणी प्रत्येकी दोन लिटर. सगळ्यात हळू माणूस पुढे. एक वाजता जिथे असू तिथून परत. यंदा दोन बदल: आदल्या दिवशी पोचायचे आहे, आणि चढाई साडेनऊऐवजी साडेसहाला सुरू होईल. डबे मिळणार नाहीत."

चार मिनिटांत आईचा फोन वाजला. बाबांचे धाकटे भाऊ, नरसिंहकाका, फरीदाबादहून बोलत होते. ते फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात, त्यामुळे मला पलीकडच्या खुर्चीत सगळं ऐकू येत होतं.

"वहिनी! दादाच्या फोनवरून मेसेज आलाय! फोन हॅक झालाय. बिल्कुल कशावर क्लिक करू नका, मी आमच्या गौरवला सांगतो सायबर सेलला–"

"हॅक नाही झाला," आई माझ्याकडे बघत म्हणाली. "मजकूर वृंदाने लिहिलाय. बटण मी दाबलं."

मग काका पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "रविवारी येतो."

बाबांच्या फोनवरून पाठवण्यावाचून इलाज नव्हता. त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं आणि एकुलते एक ॲडमिन बाबा. लोक सुप्रभात आणि गुलाबाची फुलं पाठवायला लागले, तेव्हा त्यांनी तशी सोय करून घेतली होती. फेब्रुवारीत, सकाळची फेरी संपवून बुटाची नाडी सोडताना ते गेले. तेव्हापासून त्यांचा फोन आई रोज चार्जिंगला लावत होती. का, ते मी विचारलं नाही. पिन आम्हा दोघींनाही ठाऊक होता. आमच्या मयूर विहारच्या पिनकोडचे शेवटचे चार आकडे.

सप्टेंबरमध्ये मंडळाची बैठक झाली. काका मंडळाचे कार्यवाह. त्यांनी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि जाहीर केलं की यंदा भालचंद्रदादांना श्रद्धांजली म्हणून पदभ्रमण रद्द. टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना. एकोणीस वर्षं एकही वर्ष न चुकता माणसांना डोंगरावर नेणाऱ्या माणसाची आठवण म्हणून कोणीच डोंगरावर जायचं नाही, हे मला कोणत्याही बाजूने वाचून पटत नव्हतं. मी दर्यागंजमध्ये एका प्रकाशनात हस्तलिखितं तपासते. वाक्य पटलं नाही की झोप लागत नाही, असा माझा स्वभाव झाला आहे. घरी येऊन मी बाबांच्या कपाटातली पदभ्रमणाची फाइल काढली आणि ठरवलं की आपण हे करायचं. रद्द म्हणणाऱ्यांनी रद्द म्हणत बसावं.

बाबा केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. फाइल त्यांच्या अक्षरासारखीच होती. दर वर्षीचा एक कागद: निघायची वेळ, थांबे, कोणाला दमा, कोणाला रक्तदाब, आणि खाली चाळीसेक नावांची यादी. कोणाला काही शिकवायचा आव नव्हता. "पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे." एवढं वाचलं तरी कोणीही पहिल्यांदा डोंगर चढू शकेल.

सगळ्या याद्यांत क्रमांक एकला एकच नाव होतं. चंद्रप्रभा. आणि पहिल्या वर्षाचा कागद सोडला तर प्रत्येक वर्षी त्या नावावर रेघ.

मला गंमत वाटली. स्वयंपाकघरात जाऊन मी आईला कागद दाखवले. म्हटलं, "बघ, बाबा दर वर्षी पहिलं नाव तुझं लिहायचे. आणि तू दर वर्षी नाही म्हणायचीस."

आई मेथी निवडत होती. कागद हातात न घेता तिने नुसती नजर टाकली.

"मी कधी पट्टीने रेघ मारते का गं?"

मी पुन्हा पाहिलं. अठरा रेघा, अठराही सरळ, नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, जराही पुढे-मागे नाही. खोडलेलं वाचण्यावर माझं पोट चालतं, आणि मला हे दिसलं नव्हतं. आईने सामानाच्या चिठ्ठीत साखर खोडली तरी खाली शाई फुटते.

"पहिल्या वर्षी गेले होते ना मी," आई म्हणाली. "तू तेव्हा पुण्याला होतीस. अर्ध्या वाटेवर ह्यांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तू इथे टपरीवर बस, आम्ही तासा-दोन तासांत येतो. पाच तासांनी आले. सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसले होते मी. टपरीवाल्याची बायको म्हणाली, बहनजी, आप सामान के साथ आई हो?"

"मग?"

"मग काय. पुढच्या वर्षी ह्यांनी नियम काढला. सगळ्यात हळू माणूस पुढे, म्हणजे कोणी मागे राहणार नाही. सगळ्यांनी वा वा केलं. नियम माझ्यावरून केला आणि मलाच वगळलं." तिने मेथीची काडी मोडली. "यादी करायला बसले की हाक मारून सांगायचे, नाव लिहिलंय हो तुझं. मग सांगायचे, चाळीस माणसं, दशम्या प्रत्येकी तीन. मी म्हणायचे, बरं. दशम्यांचं ठरलं की रेघ. गुरुवारी पीठ, शुक्रवारी सकाळपासून लाटणं. संध्याकाळी बस सुटायची तेव्हा माझ्याने उभंही राहवत नसे. म्हणायचे, बघ, किती दमलीयेस, पुढच्या वर्षी."

मी अकरा वेळा त्या बसमध्ये होते. त्रिउंडच्या माथ्यावर, समोर धौलाधारच्या बर्फाळ रांगेची भिंत, मांडीवर स्टीलचा डबा. दुधात भिजवलेल्या त्या दशम्या तिसऱ्या दिवशीही मऊ राहतात, असं मी लोकांना कौतुकाने सांगत असे.

"तू कधी भांडली नाहीस?" मी विचारलं.

"भांडले की. चार वर्षं. मग कंटाळा आला." तिने मेथीचं ताट बाजूला सारलं. "यंदा कोण रेघ मारणार आहे?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जिने चढायला लागलो.

आई अडुसष्ट वर्षांची. उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. डॉक्टर म्हणाले, चढा, पण हळू, आणि उतरताना दोन काठ्या घ्या. मी बाबांच्या फाइलमधले आकडे घेतले नाहीत, आईचे घेतले. आमची इमारत सात मजली. पायथ्याच्या गल्लूदेवीच्या देवळापासून त्रिउंडच्या माथ्यापर्यंत उंची जवळपास सातशे मीटर वाढते, म्हणजे आमची इमारत तेहतीस वेळा चढायची. आई अर्ध्या तासात ती चार वेळा चढली, मध्ये पाचव्या मजल्यावरच्या राजीवजींच्या बाकावर बसत बसत. इमारतीचा कंटाळा आला की मेट्रो स्टेशनचे जिने. आमचं स्टेशन उंचावर आहे, जिने संपता संपत नाहीत. तिसऱ्या दिवशी तिथल्या गार्डला राहवेना.

"आंटीजी, लिफ्ट उधर है."

"पता है भैया."

"तो फिर?"

"लिफ्ट पहाड़ पे नहीं है," आई म्हणाली आणि खाली उतरून पुन्हा चढायला लागली. पुढच्या आठवड्यात तो गार्ड तिच्या फेऱ्या मोजायला लागला.

इमारत म्हणजे डोंगर नव्हे. दगडधोंडे आहेत, विरळ हवा आहे. सगळं धरून मी हिशेब मांडला. मंडळ साडेनऊला निघून एकच्या आत वर पोचायचं, साडेतीन तास. आईला लागणार होते सहा ते साडेसहा. उतरायला चार. एक वाजता वळायचा नियम मी ठेवला. तो चांगला नियम आहे. त्या डोंगरावर दुपारी हवा कशी फिरते ते मी पाहिलं आहे. मग उत्तर एकच निघत होतं, निघायचं साडेसहाला.

कागदावर ते लिहिल्यावर मी बराच वेळ पेन खाली ठेवलं नाही. फक्त तीन तास. पूल बांधायचा नव्हता, घोडा करायचा नव्हता. एक दिवस आधी पोचून तीन तास आधी निघायचं होतं. वेगवेगळ्या माणसांच्या दम्याची नोंद ठेवणाऱ्या माणसाला हे गणित येत नव्हतं असं नाही. ते त्यांनी मांडलंच नव्हतं. मांडलं असतं तर शुक्रवारी दशम्या कोणी केल्या असत्या?

मला बाबांची आठवण येत होती आणि मला त्यांचा रागही येत होता. दोन्ही एकाच वेळी येतं, हे पुस्तकांतून वाचलेलं होतं. घरात, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पट्टीशेजारी ते तसं येतं तेव्हा त्याचं काय करायचं ते कुठे लिहिलेलं नसतं. मी मेसेजचा मजकूर लिहिला. आईने बटण दाबलं.

रविवारी काका आले. मेट्रोच्या व्हायोलेट लाइनने, मध्ये गाडी बदलून, हातात सफरचंदांची पिशवी.

"वहिनी, बसा. मला शांतपणे बोलायचंय."

"बोला. चहा?"

"चहा नंतर. हे बघा, लोक काय म्हणतील ते सोडून द्या. पण वर्षाच्या आत देवळाची पायरी चढत नाहीत आपल्यात. आणि ती वाट सुरूच होते गल्लूदेवीच्या देवळापासून. तुम्हाला ठाऊक आहे."

"चांगलं ठाऊक आहे. मी पायरी नाही चढणार. शेजारून जाईन. नमस्कारसुद्धा नाही करणार, झालं?"

"अहो, असं काय–"

"मग करू?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सफरचंदं परातीत मांडत होते.

"गुडघ्याचं काय?" त्यांनी दुसरं टोक पकडलं.

"तेरावा झाला तेव्हाच गुडघ्याचं सुतक फिटलं."

"वहिनी, चेष्टा करू नका यार!" काका वहिनीला कधी यार म्हणाले नव्हते. त्यांचं त्यांनाच चमत्कारिक वाटलं. "दिवाळी नाही करायची आपण यंदा. फराळ नाही, कंदील नाही. आणि तुम्ही डोंगर चढणार? फिरायला?"

"फिरायला नाही," आई म्हणाली. "चढायला. भाऊजी, एकोणीस वर्षं तुम्ही माझ्या हातच्या दशम्या वर बसून खाल्ल्यात. वरून काय दिसतं?"

"म्हणजे?"

"सांगा ना. काय दिसतं वरून?"

काकांनी तोंड उघडलं. बर्फाचे डोंगर, ते म्हणाले. मग म्हणाले, हिरवळ आहे मोठी.

"फोटो बघितलेत मी," आई म्हणाली. "चाळीस माणसं आणि चाळीस डबे."

काकांनी चष्मा काढून पुसला. ते काही वाईट गृहस्थ नाहीत. बाबांच्या अंत्यविधीला सगळ्यात जास्त तेच रडले होते. "दादाशिवाय मला तिथे जाववणार नाही," ते म्हणाले. "खरं सांगतो. तो पुढे उभा नसला तर मला ती वाट दिसायची नाही."

"मग तुम्ही नका जाऊ. तुमचं दुःख तुमच्या पद्धतीने करा. माझ्या वाटेवर ते आडवं नका घालू."

त्यांनी चहा घेतला, पण सफरचंद घेतलं नाही. दारात चपला घालताना म्हणाले, "मंडळातलं कोणी येणार नाही, सांगून ठेवतो." ही धमकी होती की काळजी, ते त्यांच्या आवाजावरून ठरवता आलं नाही.

त्यांचं जवळपास खरं ठरलं. आठवडाभरात एकच फोन आला, वैभवीचा. ती हिंगोलीची. जुन्या राजेंद्रनगरात एका खोलीत तिघी राहतात आणि कलेक्टर व्हायचा अभ्यास करतात. बाबा अशा मुलांना दर वर्षी यादीत घ्यायचे.

"ताई, भालचंद्रकाकांच्या नंबरवरून मेसेज आला तेव्हा मी आधी घाबरलेच. मग वाचला. यादी फुल्ल तर नाही ना झाली?"

"दोन नावं झालीत," मी म्हटलं. "तुझं तिसरं."

गल्लूदेवीच्या देवळापाशी सकाळी सव्वासहाला थंडी होती. चौकीवर नावं नोंदवली. तिथल्या माणसाने विचारलं, ग्रुप लीडर कौन? वैभवीने माझ्याकडे बोट दाखवलं, मी आईकडे. आई सलवार-कमीजवर बाबांचं करडं स्वेटर घालून उभी होती, दोन्ही हातांत काठ्या. देवळासमोरून जाताना तिने काठ्या न सोडता मान किंचित लववली. काकांना दिलेला शब्द तिचा होता, मोडायचा हक्कही तिचा.

आई पुढे, मग वैभवी, शेवटी मी. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. आईला ते मुद्दाम करावं लागलं नाही.

"काकू, तुमच्या मागे चालून माझा पॉलिटीचा अर्धा सिलॅबस रिव्हाइज झाला," वैभवी म्हणाली.

"अर्धाच? मग मी जरा आणखी हळू चालते."

देवदारांतून ऊन खाली उतरलं. माणसं आम्हाला ओलांडून जायला लागली, आधी एकेक, मग घोळक्याने. पिशवीत स्पीकर वाजवणारी गुडगावची चार पोरं आईजवळ थांबली. "आंटीजी, बस पाँच मिनट और!"

"झूठ मत बोलो बेटा," आई म्हणाली. "मेरे पास हिसाब है."

अर्ध्या वाटेवर एक टपरी लागली. आई आत गेली नाही. बाहेरच्या दगडी कट्ट्याकडे तिने नीट बघून घेतलं, जसं आपण जुन्या शाळेचा बाक बघतो, आणि म्हणाली, "इथे." मग काठी टेकून पुढे निघाली. चहासाठी आम्ही त्याच्या पुढच्या टपरीवर थांबलो.

शेवटच्या टप्प्यात बावीस वळणं आहेत. वाट एकदम उभी होते. पावणेबाराला आम्ही पहिल्या वळणावर होतो आणि वैभवी मोठ्याने मोजायला लागली. सहा. सात. नवव्या वळणावर आई खाली बसली. बारा वाजून दहा मिनिटं. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती बोलत नव्हती. मी नाडी पाहिली, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. घड्याळ पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तेरा वळणं आणि पन्नास मिनिटं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, इथूनही छान दिसतं गं. बघ तरी. इथवर आलीस हेच खूप आहे. आम्ही दोघी पटकन वर जाऊन–"

आईने गूळ गिळला.

"पट्टी आणलीयेस का बरोबर?" ती म्हणाली.

वैभवीला काही कळलं नाही. मला कळलं. माझ्या आवाजात बाबा बोलले होते, त्याच मायेने, त्याच सरळ रेघेत.

"नाही," मी म्हटलं. "चुकलं."

"दुखतंय का, ते विचार. धाप आहे का, ते विचार. छान दिसतं ते मला नको सांगूस."

"दुखतंय?"

"थोडं."

"धाप?"

"आता नाही." ती काठ्यांवर भार टाकून उठली. "एक वाजला की वळू. मी म्हणते ना. पण एक वाजू दे."

दहा. अकरा. वैभवीने मोजताना आवाज कमी केला होता, मग आईनेच मोठ्याने मोजायला सुरुवात केली, एका वळणावर एक आकडा, दोन आकड्यांच्या मध्ये एक शब्द नाही. सतरानंतर मी घड्याळ खिशात टाकलं. एकोणिसाव्या वळणावर ती थांबली, आम्ही थांबलो, ती निघाली, आम्ही निघालो. बावीस ती बोललीच नाही. पुढची वाट सपाट झाली, गवत लागलं आणि समोर एकदम, काही मध्ये न येता, सगळा धौलाधार.

मी घड्याळ काढलं. बारा बावन्न.

आई उभी राहिली. ती रडली नाही. काठ्या गवतावर टाकून तिने कमरेवर हात ठेवले आणि डावीकडून उजवीकडे, एकेक शिखर, असं सावकाश बघत गेली. एखादं घर घ्यायच्या आधी भिंती बघतात तसं.

"भाऊजींना काही सांगता आलं नाही," ती शेवटी म्हणाली. "ते डब्यातच बघत असणार."

दुकानातून तिने मॅगी मागवली. दुकानदार स्वतः प्लेट घेऊन आला आणि ती बसल्या जागी, दुसऱ्याने शिजवलेलं, गरम खात राहिली. मग माझ्याकडे हात केला. "ह्यांचा फोन."

वर नेटवर्क येतं-जातं. ती चष्मा कपाळावर सरकवून एका बोटाने टाइप करत होती, मी डोकावले नाही. पाठवून झाल्यावर तिने फोन माझ्यापुढे धरला.

"क्र. १. चंद्रप्रभा. १२.५२. पुढच्या वर्षी निघण्याची वेळ साडेसहाच राहील."

खाली एकेक करून नावं उमटायला लागली, कोणी कोणी वाचलं त्यांची. चौथं नाव नरसिंहकाकांचं होतं. उत्तर मात्र कोणालाच देता येत नव्हतं. ती सोय बाबांनीच करून ठेवली होती.